नाटकी

परवा भाचा राहायला आला होता. वय वर्षं सतरा, केस मानेपर्यंत, कानात दिवसभर ते बिनवायरीचे इयरफोन. आल्या आल्या आईच्या (म्हणजे त्याच्या आजीच्या) पाया पडला, तेव्हा त्याच्या काळ्या टी-शर्टवरचा फोटो तिच्या नजरेला पडला. जळून कोळसा झालेली एक लाकडी इमारत, काळे पडलेले वासे. आईला वाटलं, कुठेतरी आग लागली असेल आणि ही मुलं मदत वगैरे गोळा करत असतील. तिने अगदी काळजीने विचारलं, "किती रे नुकसान झालं? परत बांधलं का ते?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. कारण त्या फोटोशी माझी ओळख भाच्याच्या जन्माआधीपासूनची आहे.

संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. "मामा, तू कॉलेजात असताना काय ऐकायचास?" म्हणून त्यानेच विषय काढला. म्हटलं चला, बऱ्याच वर्षांनी कुणी विचारतंय! आणि थोडं डिवचायलाच म्हणा, मी आर्क्टुरस या नॉर्वेजियन बँडचा 'ला मास्करेड इन्फर्नाल' हा १९९७ सालचा अल्बम लावला. त्याने तीन गाणी मुकाट्याने ऐकली. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "मामा, हे फारच नाटकी आहे रे. खरं नाही वाटत."

नाटकी! हा शब्द चार दिवस डोक्यातून जात नाहीये. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच अल्बम पहिल्यांदा ऐकून मीही हेच म्हणालो होतो. अगदी याच शब्दात. आणि आज मला वाटतं की तो नाटकी आहे हीच त्यातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. ज्यांना या गोंगाटाशी काही देणंघेणं नाही त्यांनीही थांबा, गोष्ट फक्त संगीताची नाही.

तर तो टी-शर्टवरचा फोटो. ते नॉर्वेतल्या बर्गेन शहराजवळचं फान्टॉफ्टचं चर्च. मोठाल्या लाकडी खांबांवर उभी असलेली ही चर्चं नॉर्वेची खासियत. हे साधारण ११५० साली सोग्न भागात फोर्टुन इथे बांधलेलं, म्हणजे जवळजवळ ज्ञानेश्वरांच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीचं. १८८३ मध्ये ते पाडलं जाणार होतं, तर एका माणसाने विकत घेऊन, सुटं करून बर्गेनजवळ आणून पुन्हा उभं केलं. आणि ६ जून १९९२ रोजी ते जळलं. म्हणजे जाळलं गेलं. पुढच्या वर्षी बर्झम नावाच्या बँडने त्या अवशेषांचा फोटो आपल्या रेकॉर्डवर छापला. रेकॉर्डचं नाव 'आस्के', म्हणजे राख. भाच्याच्या अंगावर होता तो हा फोटो.

त्या काळात नॉर्वेत विशीच्या आतबाहेरची काही पोरं ब्लॅक मेटल नावाचं संगीत करत होती. वेगवान, घोगरं, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं, आणि गाणं म्हणजे किंकाळ्या. चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासायचा, प्रेतासारखा. ऑस्लोत 'हेल्वेटे' म्हणजे नरक या नावाचं एक रेकॉर्डचं दुकान होतं, तो यांचा अड्डा. इथपर्यंत सगळं पोरकट म्हणून सोडून देता आलं असतं. पण या मंडळींची एक अट होती. हे नाटक नाही, असं सारखं सिद्ध करायचं. आम्ही खरे, बाकीचे सोंगाडे.

आता हे सिद्ध कसं करणार? मेहेम या बँडचा स्वीडिश गायक स्टेजवर जाण्याआधी कपडे जमिनीत पुरून ठेवायचा, मातीचा वास यावा म्हणून. त्याने १९९१ च्या एप्रिलमध्ये, बावीस वर्षांचा असताना आत्महत्या केली. ९२ साली चर्चं जळायला लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एम्परर या बँडच्या ड्रमरने, ज्याने स्वतःला 'फाउस्ट' असं नाव घेतलं होतं, लिलेहामरमध्ये एका माणसाचा खून केला. ऑगस्ट १९९३ मध्ये बर्झमच्या व्हार्ग विकेर्नेसने मेहेमच्या गिटारवादकाला, म्हणजे त्या 'नरक' दुकानाच्या मालकाला भोसकून मारलं. त्या खुनासाठी आणि काही चर्चं जाळल्याबद्दल (फान्टॉफ्ट त्यात नाही) त्याला १९९४ साली एकवीस वर्षांची शिक्षा झाली.

आता कबुलीजबाब. मी एकोणीस-वीस वर्षांचा असताना, हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता ही सगळी गोष्ट मित्रांना रंगवून रंगवून सांगायचो. भीती वाटते म्हणून नव्हे, कौतुक म्हणून. "हे लोक नुसतं गात नाहीत, करून दाखवतात!" हे माझं वाक्य होतं. लिलेहामरला मेलेल्या माणसाचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ते माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. मारणाऱ्यांची मात्र खरी नावं, टोपणनावं, बँडं, सगळं तोंडपाठ. मी स्वतः इतका भित्रा की मेसच्या मॅनेजरशीही वाद घालायचो नाही. पण आपल्यात नसलेला 'खरेपणा' मी या लोकांकडून उसना घेत होतो. आज लिहितानाही लाज वाटते. पण भाच्याच्या टी-शर्टकडे बघून नुसतं हसण्याचा हक्क मला नाही, हे सांगायला हवं म्हणून लिहितोय.

तर अशा दिवसांत एका मित्राने राइट केलेली एक सीडी हातात ठेवली. वर स्केचपेनने फक्त 'आर्क्टुरस' लिहिलेलं. (आर्क्टुरस म्हणजे आपला स्वातीचा तारा. हे मला नंतर कळलं आणि उगीचच बरं वाटलं.) बँडमधले लोक बघून मी खूश झालो. ड्रमवर हेलहॅमर, म्हणजे तोच मेहेमचा ड्रमर. गायक गार्म, म्हणजे उल्व्हर बँडचा क्रिस्तोफर रिग. कीबोर्डवर स्वेर्द, गिटारवर क्नूत वाल्ले, बासवर ह्यू मिंगे. अल्बम काढणारी मिसँथ्रपी ही इंग्लिश कंपनी, तीच बर्झमचेही अल्बम काढायची. म्हणजे माणसं त्याच विहिरीतली. मी किंकाळीची वाट बघत बसलो.

किंकाळी आलीच नाही. पहिलं गाणं 'मास्टर ऑफ डिस्गाइज', म्हणजे बहुरूप्यांचा राजाच म्हणा. आणि त्यात हा गार्म चक्क गायला लागला! भरदार, खर्जातला आवाज, एकावर एक चढवलेला, प्रत्येक शब्द हनुवटी वर करून म्हटल्यासारखा. पडदा वर गेलाय आणि एक उंच टोपीवाला इसम प्रकाशात येऊन मुजरा करतोय असं वाटावं. मध्येच इलेक्ट्रॉनिक ठेके, मध्येच खरीखुरी व्हायोलिनं आणि चेलो. दुसरं 'अॅड अॅस्ट्रा', हळूहळू उलगडणारं, भलंमोठं, अंधाऱ्या थिएटरच्या छतावर कुणी तारे लावत बसलंय असं. तिसरं 'द केऑस पाथ' तर सरळ सर्कस. तिथे सीमेन हेस्टनेस नावाचा पाहुणा गायक येतो आणि तारसप्तकात अशा काही कोलांट्या मारतो की हसू येतं. मग अल्बमच्याच नावाचा दोनेक मिनिटांचा तुकडा, नाटकाच्या दोन अंकांमध्ये पडद्यामागे काहीतरी हलवाहलव चालल्यासारखा. सगळ्यावर फाउस्टच्या गोष्टीची आणि त्या मेफिस्टोफेलिस नावाच्या गोडबोल्या सैतानाची सावली. इतकंच काय, अल्बमचं नावसुद्धा धड फ्रेंच नाही. फ्रेंचमध्ये 'मास्करेड' नव्हे, 'मास्काराद' लागतं, स्पेलिंगही वेगळं. म्हणजे पाटीसुद्धा सोंगाचीच!

मी म्हणालो, नाटकी. आणि सीडी ड्रॉवरमध्ये टाकली.

ती परत बाहेर निघाली ती पाचव्या गाण्यामुळे. 'अलोन'. त्याचे शब्द बँडचे नाहीत, एडगर अॅलन पोची त्याच नावाची कविता आहे. पोने ती १८२९ साली लिहिली, वीस वर्षांचा असताना, आणि ती छापली गेली १८७५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. लहानपणापासून आपण इतरांसारखे नाही, हे ज्याला समजलंय अशा मुलाची ती कविता. ती गाणारा गार्मही तेव्हा विशी-एकविशीचाच. आणि ऐकणारा मी वीस वर्षांचा. एक रात्र मी तेवढं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. इतका सजवलेला, इतका वेशभूषा केलेला अल्बम, आणि त्यात सगळ्यात उघडं गाणं ते ज्याचे शब्द दुसऱ्याकडून आणलेले आहेत. दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवल्यावर या पोराला स्वतःचं बोलता आलं होतं. मला हे समजायला वेळ लागला. पण हॉस्टेलमध्ये उसना खरेपणा मिरवणाऱ्या मला ते कुठेतरी लागलं हे नक्की.

आणि नंतर एक गोष्ट लक्षात आली, जी त्याआधी समोर असून दिसली नव्हती. १९९७ याच वर्षी उल्व्हरचा 'नातेन्स माद्रिगाल' आला. त्यातही गायक हाच. आणि तिथे तो अथपासून इतिपर्यंत किंचाळतो, आवाज इतका खरखरीत की कानाला ओरखडे निघावेत. आमच्या कंपूत तो अल्बम 'खरा' आणि आर्क्टुरसचा 'नाटकी'. अरे पण गळा एकच आहे! वर्षही एकच. मग यातला खरा कुठला? उत्तर सोपं आहे. दोन्ही भूमिका होत्या. किंकाळी हीही एक गायकीच आहे, शिकावी लागते, सांभाळावी लागते, माइकसमोर उभं राहून तिसऱ्या टेकला चांगली जमते. फरक एवढाच की एका अल्बमने मुखवटा हातात धरून दाखवला, आणि त्या सगळ्या जमावाने आपला मुखवटा हाच चेहरा आहे असं शपथेवर सांगितलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुखवटा घालणं हा खोटेपणा नव्हे. घातलाय हे नाकबूल करणं हा खोटेपणा. आणि तो खोटेपणा टिकवायचा तर रोज नवा पुरावा द्यावा लागतो. आज रंग, उद्या आग, परवा सुरा. पुराव्याला अंत नसतो, कारण मुळात सिद्ध करण्यासारखं आत काही नसतं.

आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावतारी नटांबद्दल म्हणतात, "रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा." बहुतेक वेळा हे कीव करून म्हटलं जातं. रात्रभर तलवार नाचवणारा राजा उजाडलं की पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरतो बिचारा. मला हल्ली त्यात शहाणपण दिसतं. लहानपणी देवळाच्या मागे पहाटे रंग धुणारा राक्षस मी बघितलाय. खोबरेल तेल, फडकं, मग तांब्यानं पाणी. रात्रभर त्याने आम्हाला भ्यायला लावलं ते पूर्ण खरं होतं, आणि सकाळी त्याने माझ्या आजोबांकडे विडी मागितली तेही पूर्ण खरं. राक्षस रंग धुतो म्हणून गावात सगळे जिवंत राहतात!

आणि नॉर्वेला तरी हे परकं कुठे आहे? त्यांच्या इब्सेनने १८६७ सालीच 'पेर ग्युंट' लिहून ठेवलंय. आयुष्यभर सोंगं बदलत हिंडलेला पेर शेवटच्या अंकात एक कांदा सोलत बसतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आपली एकेक भूमिका. सोलत जातो, सोलत जातो, आणि आत गाभा म्हणून काही सापडतच नाही. त्याच नाटकात ट्रोल लोकांचा राजा असतो, ज्यांच्या जगात स्वतःपुरतं असणं हाच मोठा धर्म. आर्क्टुरसवाल्यांनी इब्सेन डोळ्यासमोर ठेवला होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या नरकाच्या दुकानातल्या मंडळींकडे बघितलं की मला तो ट्रोलांचा दरबार आठवतो, आणि 'ला मास्करेड' ऐकताना तो कांदा. फक्त पेर कांदा सोलून घाबरतो, आणि हे लोक सोललेले पापुद्रे एकेक करून डोक्यावर घालतात आणि नाचतात.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, हे बरं आहे! बाहेर खरीखुरी माणसं मेली आणि त्याच विहिरीतल्या या लोकांनी चार वर्षांत सैतानाची सर्कस काढली? दुष्टपणाचं खेळणं केलं? आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. हा अल्बम म्हणजे पश्चात्ताप नाही. कुणाची माफी मागितलेली नाही. या लोकांनी तो काही धडा देण्यासाठी केला असंही मला वाटत नाही. त्यांना बहुधा फक्त काहीतरी प्रचंड, कुणी न केलेलं करायचं होतं. पण कलाकृती कधीकधी करणाऱ्यांपेक्षा शहाणी निघते. आणि दुष्टपणाचं सोंग काढायची सोय माणसांनी हजारो वर्षं उगीच ठेवलेली नाही. होळीला बोंब मारायला मिळते म्हणून वर्षभर मारावी लागत नाही.

दुसरा आक्षेप भाच्याचा. सोंगात धोका काय? ज्याने खरंच काही जाळलं त्याने निदान धोका पत्करला! याचं उत्तर मला हल्ली सापडलंय. किंकाळीच्या आड गळा लपतो. कुणी तुम्हाला बेसूर म्हणू शकत नाही. पण किंकाळीच हवी असलेल्या लोकांसमोर विशीतल्या पोराने स्वच्छ आवाजात, हातवारे करत गाणं म्हणजे लोक हसण्याची शंभर टक्के खात्री. आणि हसण्यासारख्या जागा या अल्बममध्ये आहेतच. ड्रमचा आवाज काही ठिकाणी पत्र्यासारखा पातळ, काही ठिकाणी एवढी वाद्यं एकावर एक की कुणाचं काय चाललंय समजत नाही, आणि 'द केऑस पाथ' तर मी आजही हसल्याशिवाय ऐकू शकत नाही. रात्री अंधारात रिकाम्या चर्चला काडी लावायला कुणी हसेल ही भीती नसते. भर उजेडात गायला असते. माझ्या लेखी धाडस दुसरं मोठं.

अल्बमचं पुढे काय झालं तेही सांगतो. २००२ साली 'द शॅम मिरर्स' काढून गार्म बाहेर पडला. 'द केऑस पाथ'वाला सीमेन २००५ पासून मुख्य गायक झाला. २००७ मध्ये बँड मोडला, २०११ मध्ये परत जमला, २०१५ मध्ये 'आर्क्ट्युरियन' आला. गार्मने उल्व्हरमध्ये तर मेटलच सोडून दिलं आणि पुढे दर दोन-चार वर्षांनी नवं सोंग काढलं. याला मी आता चंचलपणा म्हणत नाही. असो.

यातलं सगळं मी भाच्याला सांगितलं का? नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मामाने प्रवचन दिलं तर तो दुसऱ्या दिवशी दोन टी-शर्ट आणखी मागवेल. मी एवढंच म्हणालो, "तुझ्या आजीने काहीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलंय."

"काय?"

"परत बांधलं का ते."

त्याने खांदे उडवले. पण रात्री उशिरा पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. आई जागीच होती, आणि हा तिला मोबाइलवर फोटो दाखवत होता. नवं कोरं लाकूड, उतरती छपरं, आढ्यावर ड्रॅगनची तोंडं. "हो आजी, बांधलं परत. सगळं होतं तसं. सत्त्याण्णव साली पूर्ण झालं."

सत्त्याण्णव! हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघायचं कधी सुचलं नव्हतं. बर्गेनजवळ सुतार ज्या वर्षी ते चर्च पुन्हा उभं करून बाजूला झाले, त्याच वर्षी ऑस्लोतल्या या पोरांनी आपला हा नाटकी अल्बम काढला. याचा एकमेकांशी काही संबंध नाही. योगायोगच आहे. पण दोन्हीकडे कुणीतरी रंधा मारत बसलं होतं, एवढं मात्र खरं.

आईने चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि म्हणाली, "मग हा फोटो का नाही छापला टी-शर्टवर? हाच चांगला आहे की!"

भाच्याला यावर काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.